ध्वनी की उष्णता? स्टार्चवरच्या अल्ट्रासाउंडच्या प्रकल्प नोंदी

४ ऑगस्ट

आजपासून काम सुरू. पाण्यात कालवलेल्या स्टार्चमधून अल्ट्रासाउंड, म्हणजे कानाला ऐकू येतो त्याहून उंच कंपनाचा ध्वनी, सोडला तर त्याच्या गुणधर्मांत काय फरक पडतो, आणि तो अन्नप्रक्रियेत उपयोगी पडेल का, हे पाहायचं आहे.

कच्च्या स्टार्चच्या खोडी त्यावर काम करणाऱ्या सगळ्यांना ठाऊक असतात. शिजताना तो भराभर घट्ट येतो, ढवळत राहिलं की पातळ पडतो, गार झाला की थिजतो आणि थंडीत ठेवला की कडेने पाणी सोडतो. उद्योगात यावर आम्ल, ऑक्सिडीकारक किंवा फॉस्फेटची प्रक्रिया करतात. मग ती रसायनं धुवून काढायची, त्या पाण्याची विल्हेवाट लावायची. ध्वनी वापरला तर धुवून काढण्यासारखं मागे काही राहत नाही, म्हणून हा विषय घेतला.

हाताशी आहे ते असं: २० किलोहर्ट्झचा प्रोब, म्हणजे द्रवात बुडवून ध्वनी देणारी धातूची दांडी, टोकाचा व्यास १३ मिलिमीटर. घट्टपणा मोजणारा फिरत्या दांडीचा व्हिस्कोमीटर, सेंट्रिफ्यूज, स्पेक्ट्रोफोटोमीटर, ध्रुवित प्रकाशाची सोय असलेला सूक्ष्मदर्शक. स्टार्च दोन प्रकारचे: मक्याचा आणि बटाट्याचा.

६ ऑगस्ट

यंत्राच्या पडद्यावर दिसणारे वॅट म्हणजे यंत्राने ओढलेली वीज. द्रवात प्रत्यक्ष किती ऊर्जा उतरली, हे त्यावरून कळत नाही. ते पाणी तापवून मोजावं लागतं. २०० ग्रॅम पाणी, प्रोब २ सेंटिमीटर बुडवलेला, ३० सेकंद सलग. तापमान २४.० वरून २७.६ अंशांवर गेलं. २०० गुणिले ४.१८ गुणिले ३.६, भागिले ३०: म्हणजे १०० वॅट. पडद्यावरचा आकडा याहून कितीतरी मोठा होता.

टोकाचं क्षेत्रफळ १.३३ चौरस सेंटिमीटर, तेव्हा तीव्रता दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ७५ वॅट. यापुढे वहीत हाच आकडा लिहायचा. नुसतं 'अमुक टक्के पॉवर' लिहिलेली नोंद दुसऱ्याच्या काहीच कामाची नाही.

७ ऑगस्ट

आज फक्त कच्चा स्टार्च पाहिला. सकाळ कशी गेली कळलं नाही.

बटाट्याचे कण मोठे, लांबट, शिंपल्यासारखे. काही जेमतेम ५ मायक्रॉनचे, काही १०० च्या जवळ जाणारे. त्यांच्यावर एका टोकाच्या बिंदूभोवती पडलेली वलयं साध्या प्रकाशातही दिसतात. मक्याचे कण लहान, १५ मायक्रॉनच्या आसपास, कोपरे असलेले. ध्रुवक फिरवून पार्श्वभूमी काळी केली की प्रत्येक कण उजळतो आणि त्यावर काळी फुली उमटते. ही फुली म्हणजे आतल्या रेणूंच्या शिस्तबद्ध मांडणीची खूण. कण शिजला की मांडणी विस्कटते आणि फुली जाते. एवढी स्वस्त आणि इतकी खात्रीची कसोटी दुसरी नाही.

दोघांमध्ये अमायलोज आणि अमायलोपेक्टिन हेच दोन घटक. अमायलोज जवळजवळ सरळ साखळी, अमायलोपेक्टिन फांद्यांचं. साध्या स्टार्चमध्ये अमायलोज २० ते ३० टक्के, उरलेलं बहुतेक अमायलोपेक्टिन.

११ ऑगस्ट

पहिली फेरी. २० ग्रॅम मक्याचा स्टार्च, १८० ग्रॅम पाणी, १५ मिनिटं सलग, बीकर साध्या पाण्याच्या भांड्यात ठेवलेलं. बाहेर काढलं तेव्हा मिश्रण दुधाळ राहिलं नव्हतं, किंचित पारभासक आणि दाट झालं होतं. फुगवण क्षमता खूप वाढलेली, विद्राव्यताही. संध्याकाळी आलेख काढला आणि फार आनंद झाला.

१२ ऑगस्ट

कालचा आलेख मॅडमना दाखवला. त्यांनी एकच विचारलं, "शेवटी तापमान किती होतं?" वहीत पाहिलं: ६६ अंश.

मक्याचा स्टार्च साधारण ६२ ते ७२ अंशांच्या दरम्यान शिजतो. लगेच सूक्ष्मदर्शकाखाली थेंब घेतला. निम्म्याहून अधिक कणांवर फुली नव्हती. ते फुगून फिकट, ओघळलेले दिसत होते. शेजारी काही कण अगदी जसेच्या तसे, फुलीसकट. म्हणजे मी अल्ट्रासाउंडचा परिणाम म्हणून जो मोजला तो बराचसा अर्धवट शिजण्याचा होता. हे काम शेगडीनेही झालं असतं.

कालचे सगळे आकडे बाद. वहीच्या पानावर तिरकी रेघ मारली, पण पान फाडलं नाही.

हिशोब आधी करायला हवा होता. १०० वॅट म्हणजे २०० ग्रॅम पाण्याला दर मिनिटाला ७ अंशांहून अधिक. थंड केलं नाही तर सहा मिनिटांत स्टार्च शिजायच्या वेशीवर येतो.

१४ ऑगस्ट

मांडणी बदलली. बीकर आता बर्फ आणि मिठाच्या पाण्यात. ध्वनी ५ सेकंद चालू, ५ सेकंद बंद. चालू वेळ एकूण १५ मिनिटं, घड्याळाची ३०. तापमापीचं टोक प्रोबपासून २ सेंटिमीटरवर. ३० अंशांच्या वर गेलं की यंत्र थांबवायचं.

आणि प्रत्येक फेरीला दोन जोडीदार नमुने. पहिला: तितकाच वेळ, त्याच तापमानाला, नुसता ढवळलेला. दुसरा: ध्वनी नाही, पण ११ तारखेला जसं तापमान चढलं अगदी तसंच पाण्याच्या भांड्यात चढवलेलं. यांच्याशी तुलना केल्याशिवाय एकही वाक्य लिहायचं नाही, असं ठरवलं आहे.

१८ ऑगस्ट

थंड फेऱ्यांचे निकाल आले.

दुसऱ्या जोडीदार नमुन्यात, म्हणजे फक्त तापवलेल्यात, ११ तारखेची फुगवण जवळपास पूर्ण मिळाली. शंका खरी ठरली.

थंड ठेवून ध्वनी दिलेल्या नमुन्यात फुली सगळीकडे शाबूत. वरवर पाहता काहीच घडलेलं नाही. पण सेंट्रिफ्यूज करून वरची निवळी घेतली आणि तीत आयोडिनचा एक थेंब टाकला, तेव्हा नुसत्या ढवळलेल्या नमुन्याच्या निवळीत फिकट निळसर झाक आली आणि ध्वनी दिलेल्याच्या निवळीत स्पष्ट निळा रंग. कण न शिजता त्यातून अमायलोज बाहेर आलं होतं. दोन्ही परीक्षानळ्या खिडकीपाशी शेजारी शेजारी धरून बराच वेळ पाहत राहिले. हा परिणाम ध्वनीचाच. लहान आहे, पण त्यात उष्णतेचा वाटा नाही.

पुढे तेच नमुने ७५ आणि ८५ अंशांना तापवून पाहिले. फुगवण आणि विद्राव्यता दोन्ही ढवळलेल्या नमुन्यापेक्षा जास्त. शिजवलेल्या खळीची कमाल घट्टता मात्र कमी, आणि खळ अधिक नितळ. कणाची वीण सैल झाली की पाणी लवकर शिरतं आणि साखळ्या लवकर सुटतात. पण फुगलेला कण पूर्वीइतका ताण सोसत नाही, लवकर फुटतो. म्हणून घट्टता कमी भरते. सगळं एकाच कारणापाशी येतं.

२० ऑगस्ट

साक्याच्या पृष्ठभागावर बारीक करड्या रंगाची रेघ दिसली. आधी वाटलं धूळ असेल. मग स्टार्च न घालता नुसतं पाणी घेऊन १५ मिनिटं प्रोब चालवला आणि सेंट्रिफ्यूज केला: नळीच्या तळाशी तीच करडी पूड. प्रोबचं टोक भिंगाखाली धरलं तर मधोमध खरखरीत, खड्ड्याखड्ड्यांचं झालेलं. टोक टायटॅनियमच्या मिश्रधातूचं आहे. ध्वनीने द्रवात बारीक बुडबुडे बनतात आणि जोरात मिटतात; ते स्टार्चला जे करतात तेच टोकालाही करतात. मिटणारा बुडबुडा किती दाब निर्माण करतो याचं गणित भौतिकशास्त्रज्ञ रॅले यांनी १९१७ मध्ये मांडलं, तेही जहाजांच्या पंख्यांची अशीच झीज होते म्हणून.

प्रयोगशाळेत ही पूड गाळून चालेल. पण जे खायचं आहे त्यात धातूचा कण चालणार नाही. प्रत्यक्ष उत्पादनाचा विचार करताना ही बाब तळटिपेत ढकलता कामा नये. द्रवात टोक बुडवण्याऐवजी बाहेरून नळीच्या भिंतीतून ध्वनी देणारी मांडणी असते. तीव्रता कमी मिळते, पण धातू थेट अन्नात झिजत नाही.

टोक बदलायला दिलं. नवं आलं की ६ तारखेची मोजणी पुन्हा करावी लागेल.

२१ ऑगस्ट

टोक नाही. नुसती वाट.

२५ ऑगस्ट

नवं टोक बसवलं, मोजणी केली: १०४ वॅट. ठीक.

वाट पाहण्याच्या दिवसांत एका प्रश्नावर वाचत होते: बुडबुडा कणाला नेमकी इजा करतो कसा? बहुतेक ठिकाणी एकच चित्र रंगवलेलं असतं. बुडबुडा कणाच्या पृष्ठभागाजवळ एका बाजूने मिटतो, त्यातून पाण्याची बारीक, अतिवेगवान धार सुटते आणि ती कणाला भोक पाडते. मोठ्या, सपाट पृष्ठभागाजवळ हे खरंच घडतं; त्या धारेचा वेग सेकंदाला १०० मीटरच्या वर जातो. पण २० किलोहर्ट्झला बुडबुड्याची अनुनादी त्रिज्या, म्हणजे ज्या आकाराला तो ध्वनीच्या लयीत सगळ्यांत जोरात डोलतो ती, सुमारे १६० मायक्रॉन येते. माझा मक्याचा कण १५ मायक्रॉनचा. बुडबुडा कणापेक्षा कितीतरी मोठा असेल तर कण त्याला भिंत वाटणारच नाही, आणि बुडबुडा एकतर्फी मिटायला भिंत लागते.

मग खड्डे कशाने पडतात? बुडबुडा मिटताना निघणारी आघात लहर कणांना ढकलते आणि कण एकमेकांवर आदळतात. डॉक्टिझ आणि सस्लिक या संशोधकांनी १९९० मध्ये धातूंच्या सुमारे १० मायक्रॉनच्या भुकटीवर हे दाखवलं. द्रवात ध्वनी दिल्यावर जस्ताचे, लोखंडाचे, अगदी मॉलिब्डेनमचेही कण आदळून एकमेकांना वितळून चिकटले. टंगस्टनचे चिकटले नाहीत. त्यावरून आदळण्याच्या जागी किती तापमान झालं असेल याचा अंदाज बांधता आला. स्टार्चचा कण धातूपेक्षा हलका आणि मऊ आहे, तेव्हा ते आकडे इथे लावायचे नाहीत. पण कल्पना पटते.

पटली तर तपासताही यायला हवी. टक्कर हेच कारण असेल तर दाटपणा वाढवल्यावर परिणाम बदलला पाहिजे.

२७ ऑगस्ट

५, १०, २० आणि ३० टक्के. ऊर्जा दर ग्रॅम स्टार्चमागे सारखी राहील अशी वेळ ठेवली.

५ वरून १० वर जाताना आयोडिनचा रंग गडद झाला. १० आणि २० मध्ये फारसा फरक नाही. ३० ला उलट फिका. कारण डोळ्यांनी दिसत होतं: टोकाखाली मूठभर जागेत खळबळ, आणि बीकरच्या कडेला मिश्रण जवळजवळ स्थिर, तळाशी साका बसू लागलेला. दाट मिश्रणात ध्वनी टोकापाशीच विरून जातो. टकरी वाढायला कण जवळ हवेत, पण इतके जवळ नकोत की बुडबुडेच बनू नयेत.

५ ते १० मधली वाढ टकरीच्या कल्पनेला धरून आहे. दर ग्रॅमला ऊर्जा सारखी असूनही परिणाम वाढला.

२९ ऑगस्ट

पाण्यातल्या हवेचं लहानसं काम. उकळून गार केलेल्या पाण्यात प्रोबचा आवाजच वेगळा येतो, कमी करकरीत, आणि स्टार्चवरचा परिणामही कमी. बुडबुडा जन्माला यायला विरघळलेल्या वायूचं बीज लागतं. यापुढे सगळ्या फेऱ्यांना एकाच रात्री उघडं ठेवलेलं पाणी. हे आधीच ठरवायला हवं होतं.

२ सप्टेंबर

आज उलट बाजूने पाहिलं. आधी शिजवायचं, मग ध्वनी द्यायचा. ५ टक्के मक्याची खळ, ९५ अंशांना ३० मिनिटं, मग ६५ ला आणून त्याच तापमानाला धरून ठेवली. आता शिजण्याचा प्रश्न मिटलेला, त्यामुळे उष्णतेची भीती नाही. जोडीदार नमुना म्हणजे ६५ अंशांना तितकाच वेळ ढवळलेली खळ.

सुरुवातीला काचेची दांडी वर उचलली की खळ गुठळीसारखी तुटून पडत होती. एक मिनिट ध्वनी दिला आणि दांडी पुन्हा उचलली: सलग, मधासारखी धार. तीन मिनिटांनी धार पातळ झाली. दहा मिनिटांनी जवळपास पाणीच, आणि बीकरमागे धरलेल्या कागदावरची अक्षरं वाचता येऊ लागली. ढवळलेली खळ होती तिथेच. कणाच्या अवस्थेत १५ मिनिटांत जो बदल मोजून काढावा लागला, त्याहून मोठा बदल इथे एका मिनिटात डोळ्यांना दिसला.

मग मनात आलं, की साखळ्यांचे बारीक तुकडे होऊन साखर सुटते आहे का? अशी सुटी साखर मोजणारी डीएनएस चाचणी केली. क्षपणकारी शर्करा, म्हणजे साखळ्यांची या चाचणीत रंग देणारी मोकळी टोकं, जेमतेम वाढलेली. आयोडिन टाकलं तर रंग अजून निळाच. शेजारी तुलनेसाठी अल्फा अमायलेज हे स्टार्च तोडणारं एन्झाइम घातलेली खळ ठेवली होती; तिचा रंग निळ्यावरून जांभळा, मग तांबूस, मग नाहीसा झाला. दोन्ही खळी पाण्यासारख्या पातळ, पण आतली गोष्ट पूर्ण वेगळी.

एन्झाइम साखळीला जागोजागी कुरतडतं. ध्वनी तसं करत नाही. मिटणाऱ्या बुडबुड्याभोवती पाणी प्रचंड वेगाने आत धावतं. लांब रेणूचं एक टोक त्या ओढीत सापडतं, दुसरं मागे राहतं, आणि ताण सगळ्यांत जास्त साखळीच्या मध्याजवळ येतो. तिथे ती तुटते. हजारो ग्लुकोजची साखळी दोन तुकड्यांत तुटली तर क्षपणकारी टोक एकच वाढतं, म्हणून डीएनएसला काही कळत नाही. घट्टपणा मात्र साखळीच्या लांबीवर अवलंबून, म्हणून तो कोसळतो. आणि साखळी ठरावीक लांबीच्या खाली गेली की तिच्यावर पुरेसा ताणच येत नाही. मग कितीही वेळ ध्वनी द्या, फरक थांबतो. माझ्या आलेखात दहा मिनिटांनंतर रेषा आडवी झाली आहे ती यामुळे.

बुडबुड्यात पाणी फुटून हायड्रॉक्सिल रॅडिकलही तयार होतात, पण २० किलोहर्ट्झला यांत्रिक ओढच वरचढ असते. रॅडिकलचं काम काहीशे किलोहर्ट्झला जोर धरतं.

६ सप्टेंबर

२ तारखेच्या खळी फ्रीजमध्ये ठेवल्या होत्या, त्या बाटल्या उघडल्या. मूळ खळ थिजून कडेला पाणी सुटलेलं. तीन मिनिटं ध्वनी दिलेली मऊ, पाणी कमी. दहा मिनिटांची मात्र गढूळ, तळाशी पांढरा साका. जास्त ध्वनी म्हणजे जास्त चांगलं, असं नाही. फार लांब साखळ्या एकमेकींत गुंतून अडकतात, फार आखूड विरघळून राहतात. मधल्या लांबीच्या मोकळ्या फिरतात आणि पटकन एकमेकींना चिकटून खाली बसतात. दहा मिनिटांत मी बरीच अमायलोज नेमकी त्या लांबीला आणून ठेवली असावी.

तीन मिनिटांवर थांबणं, हा या महिन्यातला सगळ्यांत उपयोगी धडा.

१२ सप्टेंबर

बाहेर पाठवलेले नमुने परत आले. थंड ध्वनी दिलेल्या कणांचे क्ष-किरण आलेख: स्फटिकांच्या रचनेत मका ए प्रकारचा होता, ए च आहे, बटाटा बी, बी च. शिखरं किंचित बुटकी. डीएससीत, म्हणजे नमुना तापवताना लागणारी उष्णता मोजणाऱ्या चाचणीत, शिजण्याचं तापमान जवळपास तेच, शिजायला लागणारी उष्णता थोडी कमी. कणात स्फटिकमय आणि ढिले थर एकाआड एक असतात, एक जोडी मिळून सुमारे ९ नॅनोमीटर. ध्वनीने आधी ढिले थर उसवले, स्फटिकांना फार हात लावला नाही. फुली का टिकली, याचं उत्तर इथे मिळालं.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची चित्रं पाहताना बटाट्यापाशी थांबले. कच्चा कण नदीतल्या गोट्यासारखा गुळगुळीत. ध्वनी दिलेल्यावर उथळ खळगे, ओरखडे, एका कणाच्या कडेचं पापुद्र्यासारखं साल निघालेलं. पाण्याच्या धारेने पाडलेलं खोल गोल भोक एकही नाही. ओरखडे टकरीचे वाटतात. मक्याच्या कणावर निसर्गतःच बारीक छिद्रं असतात. ती रुंदावलेली दिसली.

१५ सप्टेंबर

खळग्यांचा उपयोग लगेच तपासला. थंड ध्वनी दिलेल्या कच्च्या मक्याच्या कणांवर अमायलेज सोडलं: त्याच वेळात ढवळलेल्या नमुन्यापेक्षा जास्त साखर. एन्झाइमला आत शिरायला दारं मिळाली. पुढे स्टार्चचे गुण बदलण्यासाठी त्याला एस्टर नावाचे रासायनिक गट जोडायचे असतील तर अभिक्रियेची रसायनंही याच दारांनी आत जातील.

१८ सप्टेंबर

ऊर्जेचा हिशोब. १०० वॅट, ९०० सेकंद, २० ग्रॅम: दर ग्रॅमला ४.५ किलोजूल. किलोला १.२५ युनिट, तेही फक्त द्रवात उतरलेली ऊर्जा. यंत्रात वाया गेलेली वेगळी. एवढ्यात सुमारे २ किलो उकळतं पाणी वाफ करता येतं. कणांवरच्या लहानशा बदलासाठी हे फार आहे. खळीवर तीन मिनिटं म्हणजे १८ किलोजूल, २०० ग्रॅममध्ये १० ग्रॅम स्टार्च: दर ग्रॅमला १.८. बदल मोठा, खर्च निम्म्याहून कमी. मोठ्या प्रमाणावर न्यायचं झालं तर मी शिजवलेल्या खळीच्या वाटेने जाईन, आणि कणांची वाट एन्झाइमच्या आधीच्या तयारीपुरती ठेवेन.

२२ सप्टेंबर

खळीची नवी मालिका लावली: १, २, ३, ४ आणि ५ मिनिटं, मका आणि बटाटा, प्रत्येकाचा ढवळलेला जोडीदार. पाणी एकाच भांड्यातलं, टोक मोजलेलं, सगळ्या खळी गाळणीतून काढलेल्या. एकूण वीस बाटल्या ४ अंशांना ठेवल्या. बटाट्याच्या एक मिनिटाच्या बाटलीचं झाकण नीट बसत नव्हतं, बदललं. पहिली पाहणी २९ तारखेला.